पूर्वाच्या डोळ्यांची तारीख

केळझर
१२ मार्च २०२५

चि. आचल,

पाकिटावरचं अक्षर पाहूनच तू हे फाडून टाकशील, असं तुझे भाऊजी म्हणाले. फाडलंस तरी माझी तक्रार नाही. सहा वर्षं होत आली, तू माझा फोन उचलत नाहीस. मी नाचणगावला जाणार असं कळलं की तू त्या दिवशी बाबांकडे येणं टाळतेस. म्हणून बाबांच्या डायरीतून तुमच्या आर्वीच्या क्वार्टरचा पत्ता उतरवून घेतला आणि लिहायला बसले. बारावीनंतर एवढं लांब कधी काही लिहिलं नाही.

परवा बाबा आले होते. मी वांगी तोडत होते, ते शेताच्या धुऱ्यावर बसले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले की पूर्वा विचारते. तुझ्या दोघी पोरी अंगणात खेळत होत्या. उत्तरा ओरडली, "ते पाय, विमान!" पूर्वानंही मान वर केली. तशीच उभी राहिली. मग तुझ्याकडे वळून म्हणाली, "आई, उत्तराले दिसते, मले काऊन नाई दिसत?" तू म्हणे मोरीत जाऊन नळ सोडून बसलीस.

बाबांनी एवढं सांगितलं, दुपट्टा झटकला आणि उठले. जाता जाता म्हणाले, "तुमी दोघी बहिणी काय ते पाहून घ्या बाप्पा. मी आता थकलो."

म्हणून लिहिते. तुला तेव्हा जे नीट सांगितलं नाही ते सांगते.

तीन डिसेंबरला तुझ्या पोरी झाल्या, तेव्हा तुला सातवा नुकताच सरला होता. पूर्वा आधी आली, साडेसोळाशे ग्रॅमची. उत्तरा अकराशेची. तीन आठवडे दोघी वर्ध्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत, नाकाला ऑक्सिजनच्या नळ्या. मग चोवीस तारखेला पूर्वाला सुट्टी झाली आणि उत्तराला नाही. तुझी सासू, नीरजरावांची आई, अंथरुणाला खिळलेली, आपली आई तर कधीच गेलेली. तू वॉर्डाच्या दारात पूर्वाला माझ्या हातात दिलंस. "ताई, ही तुह्याजवळ ठेव. हिचं वजन भरलं का मी येतेच," असं उत्तराकडे बोट दाखवून म्हणालीस. सिस्टरनं मला कार्ड दिलं. त्यावर लाल पेनानं लिहिलं होतं: डोळे तपासणी, दोन जानेवारी.

आचल, ती तारीख माझ्या लक्षात राहिली नाही. एवढंसं लेकरू, दर दोन तासांनी वाटी-चमच्यानं दूध पाजायचं, थंडी तर अशी की विटा गरम करून गोधडीखाली ठेवत होते. आज कोणता वार, तेही मला कळत नव्हतं. तारीख निघून गेली. आणि तुला सांगायची लाज वाटली म्हणून मी सेलूला डोळ्याच्या डॉक्टरला दाखवलं असं सांगितलं. तेवढी माझी चूक, मी कबूल करते.

पूर्वा विचारेल तेव्हा तिला सांग की मावशी विसरली.

तुझी ताई,
अंकिता


केळझर
१ एप्रिल २०२५

चि. आचल,

पाडव्याला नाचणगावला गेले होते. बाबांनी पुरण खाता खाता सांगितलं की तू माझं पत्र वाचलंस. वाचून घडी घातलीस आणि कणकेच्या डब्याखाली सारलीस. एवढंच म्हणालीस, "ताई इसरत नाई, बाबा. माह्या लग्नात कोनं कोणतं पातळ आणलं, ते तिले आजही पाठ हाय."

खरं आहे. मी विसरले नव्हते.

हे मी तुला कधीच लिहिणार नव्हते. पण बाबांनी पुढे आणखी एक सांगितलं. हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, "आचल सोताले दोष देऊन राह्यली, अंकिता. म्हणते, एकीले मी उरावर बांधून बसली आन् एकीले देऊन टाकली. देवानं त्याची शिक्षा तिले न देता पोरीले देल्ली, असं म्हणते."

मला वाटत होतं की तू सहा वर्षं माझ्यावर रागावून आहेस. तू स्वतःवर रागावून आहेस हे मला माहीत नव्हतं. तसं नको गं. उत्तराला छातीशी बांधून तू त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर दिवसचे दिवस बसलीस, म्हणून ती जगली. त्यातही भाऊजी पहाटे भाजी घेऊन वर्ध्याच्या बाजारात यायचे तेव्हा पूर्वासाठी तुझं दूध बाटलीत तयार असायचं, थर्मासमध्ये बर्फात ठेवलेलं. एक दिवस चुकला नाही. तू कुणालाही सोडलं नव्हतंस.

दोन जानेवारीला बुधवार होता. मी पहाटेच उठले. पूर्वाला पुसून घेतलं, नवं झबलं घातलं, टोपरं बांधलं. पिशवीत कार्ड, दुपटी, दूध, सगळं भरलं. हरिदासची ऑटो सांगून ठेवली होती. भाऊजी त्या दिवशी बाजारातून लवकर परत आले होते. ऑटो येऊन दारात उभी राहिली आणि मी उंबऱ्यापाशी थांबले.

सुट्टीच्या दिवशी सिस्टरनं समजावलं होतं की डोळ्यात थेंब टाकतील, आतून पाहतील, काही निघालं तर भरती करावं लागेल. त्यातलं बाकी सगळं माझ्या कानावरून गेलं. 'भरती' तेवढं राहिलं. नऊ दिवस ती माझ्याजवळ होती. माझ्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती, आचल. किती दवाखाने झाले, किती उपास झाले, तुला माहीत आहे. ती दूध पिताना माझं बोट धरायची. चमचा तोंडाजवळ नेला की आधी बोट शोधायची आणि मगच तोंड उघडायची. मला वाटलं, आज हिला तिथं नेलं की ते ठेवून घेतील. नाही तर तू पाहशील आणि म्हणशील, आता ही चांगली भरली, दोघींना माझ्याजवळच राहू दे. आणि मी रिकामी पिशवी घेऊन परत येईन.

मी बाहेर जाऊन हरिदासला म्हटलं, "पोरीले सर्दी झाली. आज राहू द्या."

भाऊजी म्हणाले, "आत्ता तं बरी होती. बरं, मंग परवा नेऊ."

मी हो म्हटलं. परवाच्या दिवशी ते तुरीच्या सोंगणीला गेले. मीही आठवण दिली नाही. कार्ड पेटीत साड्यांच्या खाली टाकलं.

आणखी एका माणसाचं मला लिहायचं आहे. एप्रिलमध्ये तुला तिच्या डोळ्यात पांढरं दिसलं. तुम्ही नागपूरला नेलं आणि तिथं सांगितलं की पडदा आतून पूर्ण सुटला. तेव्हा तू मला फोनवर विचारलंस, "सेलूले कोण्या डॉक्टरले दाखवलंतं? नाव सांग." मला दुसरं कुणाचं नाव सुचलं नाही. सेलूच्या स्टँडमागे ज्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी बाबांचा मोतीबिंदू काढला होता, त्यांचं सांगितलं. नीरजराव दुसऱ्याच दिवशी डेपोतून रजा टाकून तिथं गेले. भर दवाखान्यात त्यांची गचांडी धरली. त्या माणसानं जानेवारीचं रजिस्टर पान पान उलटून दाखवलं की असं लेकरू माझ्याकडे आलंच नाही. सत्तरीचे होते ते. त्या दिवशी मी घरात बसून होते आणि मला सगळं ठाऊक होतं.

मागच्या वर्षी ते वारले. त्यांची माफी मागायची राहिली.

मी तिला नेलं नाही, कारण मला ती द्यायची नव्हती. तू सोडलं नाहीस, मी धरून ठेवलं. पूर्वाला काय सांगायचं ते आता तू ठरव.

ताई


केळझर
१८ एप्रिल २०२५

आचल,

मागच्या पत्रातही एक गोष्ट मी लिहिली नाही. लिहायला घेतली आणि पान उलटं घालून ठेवलं. पण त्यानंतर पंधरा दिवस धड झोप नाही. आधी तुझ्या भाऊजींना सांगितलं, मग तुला लिहायला घेतलं.

नऊ जानेवारी. तूही विसरली नसशील. दुपारी तुझा फोन आला होता. मी उन्हात बसले होते आणि पूर्वा मांडीवर झोपली होती. तू रडत होतीस, पण आनंदानं.

"ताई, उत्तराच्या डोळ्यात निंगलं. आज लेझर केलं. डॉक्टर म्हणे आठवडाभर उशीर झाला असता तं दोन्ही डोळे गेले असते."

मी म्हटलं, "देव पावला बाई."

मग तू विचारलंस, "पूर्वाले दाखवलं ना तू? तारीख होऊन गेली. इथं तं तू दिसली नाई."

"दाखवलं. एवढ्या थंडीत वर्ध्याले कुठं आणू म्हून सेलूलेच दाखवलं. सगळं ठीक हाय म्हणे."

"नक्की ना ताई?"

"नक्की."

असं झालं ते. दोन तारखेला मी घाबरले होते. मला काही माहीत नव्हतं, अडाणीपणा केला, असं कुणी म्हणेल आणि मीही स्वतःला तसंच सांगत आले. पण नऊ तारखेला मी अडाणी नव्हते. डोळे जातात हे तूच मला तुझ्या तोंडानं सांगितलं होतंस. पूर्वा तेव्हा पाच आठवड्यांची होती. तेव्हा उठून तिला घेऊन निघाले असते तर तासाभरात पोचले असते. मी उठले नाही. खरं सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, ताई, तू नेलं नाहीस? तेवढं एक वाक्य मला ऐकायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी ठरवलं की उद्या गुपचूप नेऊ. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता नेलं आणि काही निघालं तर खोटं उघडं पडेल. तिसऱ्या दिवशी स्वतःला समजावलं की उत्तरा अकराशेची, नाजूक होती, तिला झालं. ही तर भरलेली, हिला काय होतं! रोज समईपुढे तिला धरायचे. ती ज्योतीकडे बघते असं मला वाटायचं. मला जे पाहायचं होतं तेच मी पाहत होते. फेब्रुवारीत तू तिला न्यायला आलीस तोवर दिवस हातातून गेले होते. तू माझ्या पाया पडलीस, आठवतं? "ताई, तुहे उपकार मी कसे फेडू," म्हणालीस. मी तुला उठवलं आणि पूर्वाचं झबल्यांचं गाठोडं तुझ्या हातात दिलं.

हे सगळं परवा भाऊजींना सांगितलं. ते जेवायला बसले होते. मी बोलत होते तोवर त्यांनी ताटाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. मग म्हणाले, "मी रोज तिथून दूध आणत होतो, अंकिता. रोज. त्याच दवाखान्यात, त्याच इमारतीत. मले एक शब्द बोलली असती तं मी पोरीले अंगरख्यात गुंडाळून घेऊन गेलो असतो."

हात धुवून उठले. दुसऱ्या दिवशी पहाटे पालक आणि कोथिंबिरीचे गठ्ठे गाडीला बांधून गेले आणि दुपारी तसेच परत घेऊन आले, सुकलेले. मी विचारलं, "काऊन, बाजार भरला नाई का?" म्हणाले, "बाजारात गेलोच नाई. दवाखान्याच्या गेटापाशी बसलो होतो."

तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतात. मी त्यांना काही म्हणत नाही.

आता लपवलेलं काही उरलं नाही.

अंकिता


केळझर
७ मे २०२५

चि. आचल,

काल मी वर्ध्याला, लेकरांचे डोळे तपासतात त्या खोलीत जाऊन आले.

भाऊजीच म्हणाले, "एकदा पाहून तं ये, कायले भेली होती ते." सकाळच्या बसनं गेले. लहान बाळांच्या वॉर्डाच्या पलीकडे, जिन्याशेजारी ती खोली आहे. तू जिथं बसायचीस तिथून वीस पावलंही नसतील. बाहेर दोन बाकं, आणि बाकं पुरली नाहीत म्हणून खाली सतरंजी अंथरलेली. मी मोजल्या, एकवीस आया होत्या. देवळीच्या, हिंगणघाटच्या, एक तर यवतमाळकडून आलेली. सगळ्यांच्या पदराखाली तसलीच चिमुकली. एक सिस्टर एकेकाच्या डोळ्यात थेंब टाकत फिरत होती.

मला पाहून तिनं विचारलं, "तुमचं लेकरू कुठं हाय, बाई?"

मी म्हटलं, "मी उशिरा आली."

"किती दिवसाचं झालं?"

"सहा वर्षांची झाली."

तिनं बाटलीचं झाकण लावलं आणि माझ्या शेजारी बाकाच्या कोपऱ्यावर टेकली. भागीरथा तिचं नाव. रागावली नाही. मलाच वाटत होतं की तिनं रागवावं. मी विचारलं की असं होतं तरी कितीकांना? मला इतकी वर्षं वाटायचं की आपल्याच घरावर काहीतरी दुर्मीळ संकट आलं. कुठं हजारात एखाद्याला होतं, ते नेमकं पूर्वाला झालं.

"दुर्मीळ कायचं बाई," ती म्हणाली. "मागच्या खेपेले अठरा लेकरं तपासले, सहा जणायच्या पडद्यावर निंगलं. दोघायले लेझर करा लागलं. दर खेपेले असंच असते, थोडं कमी-जास्त. जितकं लवकर जन्मलं, तितकी भीती जास्त. पण भरलेल्यालेही होते. वजन पाहून आमी कोनालेच सोडत नाई. वरून तं डोळे टपोरेच दिसते ना. घरच्यायले काय समजन? वेळेवर सापडलं का बहुतेकायचे वाचते. आमी तारीख लिहून देतो, फोन करतो. तरी काही जणी येतच नाई."

मी म्हटलं, "का येत नसतीन?"

"कोनाची बस चुकते, कोनाचा नवरा आणत नाई, कोनाची सासू म्हणते पोट्टं चांगलं तं हाय," ती म्हणाली. "तुमचं काय झालतं?"

मी सांगितलं. त्या सतरंजीवरच्या एकवीस जणींसमोर, हळू आवाजात नाही. दोघी-तिघी वळून पाहायला लागल्या. एक पोरगी, विशीचीही नसेल, मघापासून उठू उठू करत होती की लेकरू रडतं, पुढच्या वेळी येऊ. ती खाली बसली.

मग दारातून मी तपासणी पाहिली. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळतात. पापणी उघडी राहावी म्हणून एक बारीक तारेचा चिमटा लावतात. बाळ जोरात रडतं. डॉक्टर डोक्याला दिवा बांधून वाकून पाहतात, एका डोळ्यात, मग दुसऱ्यात. चिमटा काढतात. आई बाळाला उचलते, ते गप्प होतं. मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आचल.

संध्याकाळी घरी आले तर बाबांचा फोन. तू निरोप दिला आहेस: "अठरा तारखेले रविवार हाय, येजो म्हणा. पूर्वाले तिनंच सांगावं, मी नाई सांगणार."

येते.

ताई


केळझर
१९ मे २०२५

चि. आचल,

काल निघताना तू दारात मला विचारलंस, "काय बोलली पूर्वा?" मी म्हटलं, "काही नाही. ऐकून घेतलं तिनं." आणि चपला घालून स्टँडकडे निघाले. ते खरं नव्हतं. बसमध्येच ठरवलं की घरी गेल्यावर आधी तुला लिहायचं.

तू मला पाणी दिलंस. उत्तराचा हात धरून स्वयंपाकघरात गेलीस आणि दार लोटून घेतलंस. उत्तराचा चष्मा केवढा जाड आहे गं. जाताना ती तीनदा मागे वळून माझ्याकडे पाहत होती.

पूर्वा दिवाणावर बसली होती. पुढ्यात वाट्या मांडून त्यात हरभरे वेगळे, वाटाणे वेगळे करत होती. एकही चुकत नव्हता. ती एवढी मोठी झाली असेल असं मला वाटलं नव्हतं. कपाळ अगदी तुझं. माझ्या बांगड्यांचा आवाज ऐकून तिनं हात पुढे केला, माझं मनगट चाचपलं, मग चेहरा.

"तू केळझरची मावशी?"

"हो."

"आई म्हणे तुले मले काही सांगायचं हाय."

मी तिला सांगितलं. कसं सांगायचं ते बसमध्ये पाठ करून आले होते, त्यातलं काहीच आठवलं नाही. म्हटलं, "तू आन् उत्तरा लई लवकर जन्मल्या. तुमच्या दोघींच्या डोळ्यात आतून खराबी होऊन राह्यली होती. डॉक्टरनं वेळेवर पाह्यलं का ते थांबवता येते. उत्तराची थांबवली. तुले डॉक्टरकडे नेण्याचं काम माह्याकडे होतं. म्या नेलं नाई."

"काऊन?"

"मले वाटलं, ते तुले ठेवून घेतीन. मले तू माह्याजवळ पाह्यजे होती. मंग तुह्या आईनं विचारलं तं मी खोटं बोलली. तुही आई चुकली नाई, तुह्या बाबाचंही काही नाई चुकलं. मीच."

ती वाटाणे चिवडत राहिली. मग म्हणाली, "मी लई रडत होती का तवा?"

"नाई. लई शांत होती तू."

तिनं आणखी एक वाटाणा वाटीत टाकला. मला वाटलं, समजलं नसेल. सहा वर्षांचं लेकरू, त्याला काय समजणार! मग तिनं वाट्या बाजूला सारल्या आणि दिवाणावरून खाली उतरली. पायाच्या अंगठ्यानं चपला शोधल्या. उजवी डावी हातानं पाहून घातल्या, पट्टा लावला. उभी राहिली आणि माझ्याकडे हात केला.

"मंग आता चाल ना," म्हणाली. "मी तयार हाय. आता नाई रडणार."

आचल, मी तिचा हात धरला नाही. मला धरताच आला नाही. कसंबसं म्हटलं, "आता नाई होत, बेटा."

"आज सुट्टी हाय का दवाखान्याले?"

काल रविवार होता. ती खोली बंदच असणार. मी 'हो' म्हटलं असतं तर तो शब्द खोटा ठरला नसता. तिचा चेहरा तसाच राहिला असता, आणि मी चहा पिऊन निघाले असते. तो 'हो' माझ्या तोंडात आला होता, अगदी दातांपाशी.

मी म्हटलं, "हो, आज सुट्टी हाय. पण उद्या उघडला तरी नाई होत. परवाही नाई. ते लहानपणीच करा लागते, आता कधीच नाई होत. माह्यामुळं ती वेळ गेली."

तिचा हात थोडा वेळ तसाच होता. मग तिनं तो खाली घेतला. खाली बसून चपलांचे पट्टे काढले, दोन्ही चपला दिवाणाखाली सारल्या. भिंतीला हात लावत स्वयंपाकघराच्या दाराकडे निघाली. मध्येच थांबली.

"उत्तराले हे माईत हाय?"

"नाई."

"तिले मी सांगीन," ती म्हणाली. "तू नको सांगू."

मग तिनं दार ढकललं आणि तुझ्याकडे गेली. तू बाहेर आलीस तेव्हा मी वाट्यांमधले वाटाणे पाहत बसले होते ते त्यामुळे.

उत्तराला ती कधी सांगेल मला माहीत नाही. सांगेल तेव्हा मध्ये पडू नकोस. तिला तिच्या शब्दांत सांगू दे.

तुझी,
अंकिता